अर्ध्या किलोचा खटका

युसूफ वडगावच्या स्टँडवर उतरून कुणी भीमाशंकर गुळव्याचा पत्ता विचारला, की सांगणारा आधी उलट विचारतो, मोटार जळालीय का रेडिओ बघायचाय? मोटार जळाली असेल तर दुकान दाखवतात. स्टँडच्या मागं, पत्र्याचं, दारात तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि पोट उघडून ठेवलेल्या विहिरीवरच्या मोटारी. रेडिओ बघायचा असेल तर घर दाखवतात आणि वर बजावतात, की सकाळी सातला जा, तवा म्हस तापलेली असती.

म्हैस म्हणजे भीमाशंकरचा रिसीव्हर, हवेतलं ऐकायचं यंत्र; बोलायचं वेगळं, छोटं. हे नाव त्याच्या बायकोनं, गंगासागरनं ठेवलेलं. काळाकुळकुळीत पत्र्याचा, बेचाळीस किलो वजनाचा, समोर डोळ्यांसारख्या दोन अर्धगोल डायल आणि त्यांच्या मधोमध आमटीच्या वाटीएवढा नॉब. आत दिव्यासारखे तापणारे चौदा काचेचे व्हॉल्व्ह. बटण दाबलं की लगेच काही होत नाही. आधी घूं करतो, मग तापल्या धुळीचा वास येतो, आणि वीसेक मिनिटांनी कुठं तो माणसात येतो. हिवाळ्यात गंगासागर त्याच्या पाठीवर दह्याचं गाडगं ठेवते. त्या दिवसांत अख्ख्या गल्लीत कुणाचं दही लागत नाही, गुळव्यांचं मात्र सुरीनं कापावं असं लागतं.

भीमाशंकर हौशी रेडिओवाला. या लोकांना हॅम म्हणतात. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, आणि मग घरातूनच, स्वतःच्या यंत्रावरून, जगातल्या दुसऱ्या कुठल्याही परवानेवाल्याशी बोलायचं. बोलायचं काय, तर तुझा आवाज मला कसा येतोय, माझा तुला कसा येतोय, आणि आमच्याकडं आज ढग आहेत. गावातल्या लोकांनी फोन असताना हे काहून करायचं, असं त्याला शंभरदा विचारलं. त्यावर त्याचं उत्तर एकच, की फोनवर माणूस ठरवून सापडतो, इथं नशिबानं सापडतो.

हे बोलणं साध्या पद्धतीनं ऐकलं तर बदकं भांडल्यासारखं येतं. ते सरळ करायला म्हशीला आणखी एक छोटा नॉब आहे, पण तो नेमका बसेपर्यंत नुसती बदकं. त्यामुळं पहिली दोन वर्षं गावात असा समज होता, की गुळव्यांनी घरात बदकं पाळलीत आणि लाजेनं सांगत नाहीत. शेजारच्या तुळजाबाईंनी तर एकदा पातेली आणून अंडी मागितली होती.

या नादाची सुरुवात किल्लारीच्या भूकंपात झाली. भीमाशंकर तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकताच जळालेल्या मोटारींत नवी तार भरायला शिकलेला. गावातनं भाकरीची गाडी निघाली तसा तोही बसून गेला. तिकडं फोन बंद, तारा तुटलेल्या, आणि एका तंबूत एक टक्कल पडलेला माणूस जीपच्या बॅटरीवर पेटी लावून शांतपणे बोलत बसलेला. अमक्या गावाला डॉक्टर पाहिजेत, तमक्या गावाला रॉकेल पाहिजे. आणि ते येत होतं. भीमाशंकर भाकरी वाटायचं विसरून दीड तास तिथंच उभा राहिला. शेवटी त्या माणसानं त्यालाच वाटाड्या समजून एका डॉक्टरबरोबर पाठवून दिलं. तो आयुष्यात पहिल्यांदाच त्या भागात गेलेला. त्यानं डॉक्टरला दोनदा चुकीच्या गावाला नेलं, पण तिथंही डॉक्टर लागतच होते.

परत आल्यावर त्यानं परीक्षेचा अभ्यास सुरू केला. बाकी सगळं जमलं, फक्त मोर्स जमेना. मोर्स म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षराला लहान-मोठ्या टोल्यांची खूण. भीमाशंकर पहाटे उठून चमच्यानं टेबलावर ठोकत बसायचा आणि गंगासागर पलीकडं भाकरी थापायची. एक वर्ष हे चाललं. तो हैदराबादला जाऊन दोनदा नापास होऊन आला. तिसऱ्या वेळी निघायच्या आदल्या दिवशी गंगासागर भाकरी उलटता उलटता म्हणाली, की तुमी एल ला नेहमी एक टोला कमी मारता. त्यानं तपासलं तर खरंच. सातवी शिकलेल्या बाईनं ऐकून ऐकून सगळी अक्षरं उचलली होती. तो पास झाला. त्यानंतर घरात मोर्सचा सर्रास वापर सुरू झाला. पाहुणे आलेत आणि साखर संपलीय, हे गंगासागर सांडशीनं पातेल्यावर वाजवून सांगायची आणि पाहुण्यांना वाटायचं, चहा जोरात चाललाय.

पुढच्या वर्षी हैदराबादच्या जुन्या बाजारात, लष्करानं निकालात काढलेल्या सामानाच्या ढिगात, त्याला म्हैस दिसली. तो आणि एक हमाल, अशा दोघांनी उचलून एसटीत चढवली. कंडक्टरनं विचारलं, पेटीत काय हाय? भीमाशंकर म्हणाला, रेडिओ. कंडक्टर म्हणाला, एवढ्या मोठ्या रेडिओत गाणं किती मोठं वाजत असंल. मग सगळी गाडीच गाणं लावा म्हणून मागं लागली. हा रेडिओ गाणी लावायचा नाही, असं त्यानं उदगीरपर्यंत समजावलं आणि उदगीरनंतर झोपेचं सोंग घेतलं.

घरी आणून उघडली तेव्हा घोळ कळला. मधल्या मोठ्या नॉबच्या मागं, दांड्यावर, एक जड चाक असायला पाहिजे होतं. त्या चाकाच्या वजनामुळं नॉब एकदा हलकेच फिरवून सोडला की आपला आपण सावकाश फिरत जातो आणि डायलचा काटा पाण्यावर सोडल्यासारखा सरकतो. जुन्या रिसीव्हरांची सगळी ऐट त्या फिरण्यात असते. आणि ते चाक कुणीतरी काढून घेतलं होतं. नॉब फिरायचा, पण टवका उडालेल्या भोवऱ्यासारखा.

भीमाशंकरनं महिनाभर लोखंडाच्या, जस्ताच्या चकत्या लावून पाहिल्या. काही जमेना. शेवटी एक दिवस त्याची नजर वडलांच्या स्टँडवरच्या किराणा दुकानातल्या तराजूवर गेली. अर्ध्या किलोचं पितळी वजन. गोल, भरीव, गुळगुळीत. त्यानं ते गुपचूप उचललं, केजला नेऊन लेथवर मधोमध भोक पाडून घेतलं आणि दांड्यावर बसवलं. आधी लावलेल्या करडईच्या तेलानं जरा चिकट झालं म्हणून थोडं गाईचं तूप लावलं. मग नॉब असा फिरायला लागला की गंगासागरसुद्धा हात पुसून फिरवायला आली.

एकच खोट राहिली. वजनाच्या बुडाला सरकारी ठशाची शिशाची टिकली होती. ती जराशी वर आलेली आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा आतल्या पट्टीला घासायची. खुट. अगदी हलकं. हाताला कळे, कानाला कळत नसे. भीमाशंकरला वाटलं, आज घासून काढू, उद्या काढू. ते सत्तावीस वर्षं राहून गेलं.

इकडं दुकानात वजन सापडेना. वडलांचा संशय गेला शेजारच्या राधाकिशनच्या वडलांवर. त्यांचं शेत गुळव्यांच्या घराला लागून, आणि त्या दिवशी ते दुकानात शेंगदाणे घ्यायला येऊन उगाच बराच वेळ बसले होते. भीमाशंकरनं तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण वडील तापट, आणि वजनाला भोक पडून गेलेलं. वडलांनी नवं वजन घेतलं नाही, हट्टानं. अकरा वर्षं, म्हणजे दुकानात बटणांचा वजनकाटा येईपर्यंत, ते अर्धा किलो साखर द्यायला दोनशे, दोनशे आणि शंभर अशी तीन वजनं टाकत आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं म्हणत, की आमचं एक वजन शेजारी गेलंय. दोन्ही म्हातारे पुढं एकमेकांशी न बोलताच गेले.

दुसरं खोटं त्यानं हवेत सोडलं होतं. महाराष्ट्रभरचे हॅम सकाळी सातला हवेतच एका ठरलेल्या जागी जमतात. तिथं पहिल्या दिवशी त्यानं म्हशीचं वर्णन केलं. नाशिकच्या एकानं विचारलं, सगळं मूळचंच आहे ना? भीमाशंकर आनंदाच्या भरात म्हणून गेला, सगळं ओरिजनल हाय, एक स्क्रूसुद्धा बदललेला न्हाई. हवेत गेलेलं परत येत नाही. पुढं या मंडळींनी त्याला ‘उत्तम जतन केलेला जुना रिसीव्हर’ असं प्रशस्तिपत्र पाठवलं. गंगासागरनं ते चौकट करून भिंतीला लावलं, पण एवढं म्हणाली, की ह्याच्यात सासऱ्याचं अर्धा किलो धरलंय का?

सगळं असंच चालून गेलं असतं. पण भीमाशंकरच्या थोरल्या भावाची मुलगी स्वप्नाली पुण्यात इंजिनिअर झाली, आणि तीही नेमकी रेडिओच्याच कंपनीत लागली. लहानपणी सुट्टीत आली की ती म्हशीसमोर स्टुलावर बसून तासन्‌तास नॉब फिरवायची. आता तिची कंपनी नवा सेट बनवत होती, हॅम लोकांसाठी आणि आपत्तीत कामाला येईल असा. डब्याएवढा, दोन किलोचा. आत सगळा कॉम्प्युटर.

दिवाळीत तिनं तो काकाला आणून दाखवला. रंगीत पडद्यावर हवेतले सगळे सिग्नल पावसाच्या सरींसारखे खाली उतरताना दिसत होते. भीमाशंकरनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग विचारलं, ह्या कोपऱ्यात काटा कशाचा?

स्वप्नाली हसली. सिग्नल किती जोरात येतोय ते दाखवणारा काटा, म्हशीला आहे तसाच. इथं आकडा दिला असता तरी चाललं असतं, पण लोकांना काटाच हलताना पाहिजे असतो, म्हणून काट्याचं चित्र काढलंय. तिनं सांगितलं, की सगळंच तसं आहे. हवेतनं आलेला आवाज आधी एका ठरावीक पातळीला आणायचा, मग गाळायचा, मग बदकाचा माणूस करायचा.

“काका, म्हशीत जी कामं काच आन लोखंड करतंय, ती आमच्याकडं गणित करतंय,” ती म्हणाली. “पण कामं तीच हायेत. पायऱ्या सगळ्या म्हशीच्याच.”

हे ऐकून भीमाशंकरची छाती फुगली. मग त्यानं नव्या सेटचा नॉब फिरवला आणि छाती पुन्हा खाली बसली. पंख्याचा रेग्युलेटर फिरवल्यासारखं लागत होतं. ती म्हणाली, हीच तर तक्रार आहे. चाचणीला सेट दिलेल्या प्रत्येकानं ऐकणं उत्तम, फिरवणं भिकार असं लिहून पाठवलंय. आणि तिनं साहेबांना सांगून टाकलंय, की माझ्या काकाकडं सत्तर वर्षांपूर्वीचा रिसीव्हर आहे, एक स्क्रूही न बदललेला, त्याच्यासारखा नॉब जगात नाही. साहेब पुढच्या महिन्यात मोजमाप घ्यायला स्वतः येणार आहेत.

भीमाशंकरच्या हातातली करंजी बशीत परत गेली.

त्या महिन्यात त्याचं कामात लक्ष लागेना. युसूफ वडगावच्या अर्ध्या विहिरींच्या मोटारी उलट्या फिरल्या, असं लोक सांगतात, ती अतिशयोक्ती आहे, दोनच फिरल्या. त्यानं हैदराबादला फोन करून मूळचं चाक मिळतंय का विचारलं. समोरच्यानं तीस वर्षांपूर्वीच्या ढिगातलं चाक कुणी शोधायचं असं विचारून फोन ठेवला. गंगासागरचं म्हणणं साधं होतं: सांगून टाका. त्यावर तो म्हणायचा, सांगतो, योग्य वेळ आली की सांगतो.

दुसरी अडचण राधाकिशनची. त्यानं रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलेलं. ते सेकंदाला एकदा तारेत वीज सोडतं, आणि तितक्याच वेळा म्हशीत टक असं वाजतं. भीमाशंकर त्याच्याकडं जाऊन म्हणाला, एक दिवस बंद ठेव. राधाकिशननं विचार करून अट घातली, की ठेवतो, पण पुण्याचे साहेब आल्यावर मीही येऊन बसणार. मला त्यांना डुकरांबद्दल दोन गोष्टी विचारायच्यात.

ठरल्या दिवशी साहेब आले. नाव विश्वेश्वर नांदापूरकर, पन्नाशीचे, स्वतःही हॅम, बारीक चणीचे, बोलायला गोड. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जेवायला थांबल्यामुळं दोन तास उशीर झाला होता आणि पोट धरूनच ते गाडीतनं उतरले. पण म्हशीसमोर आल्यावर त्यांनी बूट काढले. भीमाशंकरनं तसं सांगितलं नव्हतं. त्यांनी पाठीवर हात ठेवला, दह्याच्या गाडग्याला लागला, तरी हात काढला नाही.

स्वप्नालीनं यंत्रं मांडली. नॉबला किती जोर लागतो, सोडल्यावर किती फेरे फिरतो, कुठं किती हळू होतो, सगळं लॅपटॉपवर रेषेरेषेनं उमटायला लागलं. रेष छान गोलाईनं जात होती आणि प्रत्येक फेऱ्याला एक बारीक टेंगूळ.

विश्वेश्वर साहेब टेंगळाकडं बघत राहिले. त्यांनी पुन्हा फिरवायला लावलं. पुन्हा टेंगूळ. मग डोळे मिटून त्यांनी स्वतः नॉब फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला. हा दोष नाही, ते म्हणाले. हे मुद्दाम केलंय. लढाईत दिवा लावता येत नाही. अंधारात बसलेल्या शिपायाला डायल दिसत नाही. तो खटके मोजणार. चार खटके म्हणजे चार फेरे. किती बारीक विचार केलाय त्या काळच्या लोकांनी.

स्वप्नालीनं हे लिहून घेतलं. राधाकिशननं मान डोलावली आणि म्हणाला, मिल्ट्रीवाले लई हुशार. साहेबांनी भीमाशंकरकडं वळून विचारलं, की तुम्हाला हे माहीतच असेल?

भीमाशंकरनं म्हशीवरची नसलेली धूळ पुसली. तो म्हणाला, “तसं... अंदाज व्हता.”

आतून पातेल्यावर सांडशीचा आवाज यायला लागला. एक मोठा, एक लहान, एक मोठा. मग चार लहान. मग तीन मोठे. भीमाशंकर दाराच्या आणि साहेबांच्या मधे सरकून बसला. तो मोठ्यानं म्हणाला, की चहा होतोय वाटतं. आणि घाईघाईनं साहेबांना सांगायला लागला, की सगळं मूळचं हाय, एक स्क्रूसुद्धा बदललेला न्हाई. आतला आवाज वाढला. पुन्हा पहिल्यापासून, या वेळी सावकाश, अडाण्यालाही कळावं असा.

विश्वेश्वर साहेबांनी मान तिरकी केली. त्यांचे ओठ हलायला लागले. भीमाशंकरच्या आता लक्षात आलं, की या माणसाच्या वयाच्या हॅमनं परवाना मोर्सची परीक्षा देऊनच घेतलेला असणार.

“के, एच, ओ, टी, ई,” साहेब हळूच म्हणाले. “गुळवे, तुमच्या स्वयंपाकघरातून कुणीतरी खोटं म्हणतंय.”

मग भीमाशंकर उठला. त्यानं दह्याचं गाडगं उतरवलं, चार स्क्रू काढले, वरचा पत्रा उचलला आणि बाजूला झाला.

साहेबांनी वाकून बघितलं. स्वप्नालीनं मोबाईलचा उजेड पाडला. पत्रा काढताना नॉबला हात लागला होता, आणि पितळेवर ‘५०० ग्रॅम’ अशी अक्षरं अजून सावकाश फिरत होती. खुट, टिकली पट्टीला लागली.

भीमाशंकरनं सगळं सांगितलं. भंगारात आधीच गेलेलं चाक, केजचं लेथ, करडईचं तेल. साहेबांनी बोट लावून वास घेतला आणि विचारलं, हे तूप आहे का? गाईचं, असं गंगासागर दारात येऊन म्हणाली. म्हशीला लावायला म्हशीचं बरं दिसलं नसतं. स्वप्नालीला हसू आवरेना. ती स्टुलावरून उठून बाहेर गेली आणि बराच वेळ बाहेरच राहिली.

फक्त राधाकिशन हसत नव्हता. तो पुढं येऊन वजनाकडं एकटक बघत होता.

“अप्पा,” तो म्हणाला, “हे तेच का?”

“हां,” भीमाशंकर म्हणाला.

“आमचा बाप मरूस्तोवर म्हनत व्हता, म्या न्हाई घेतलं. आन आमी घरचेसुदा मनात म्हनायचो, घेतलं असंल.”

पुण्याच्या साहेबांपुढं पकडलं जाण्याची महिनाभर भीती वाटत होती, ती आता भीमाशंकरला अगदीच बारकी वाटली. त्यानं राधाकिशनसमोर हात जोडले. राधाकिशन म्हणाला, मला जोडून काय उपयोग, स्टँडवर जोडा, जिथं तुमच्या वडलांनी सांगितलं तिथंच सांगा. आणि चहा न घेता निघून गेला. पाच मिनिटांनी म्हशीत टक, टक, टक सुरू झालं. त्याला साहेबांना डुकरांबद्दल विचारायचं होतं ते राहूनच गेलं.

विश्वेश्वर साहेब मात्र रागावले नाहीत. चहा घेता घेता ते म्हणाले, की त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक जुन्या सेटमध्ये कुणाचा ना कुणाचा हात घुसलेला असतो, एकात त्यांना सायकलची घंटी सापडली होती. आपण मोजायला आलो ते हाताला काय वाटतं ते. ते कुठल्या कारखान्यानं केलं की किराणा दुकानानं, यानं रेष बदलत नाही. त्यांची अडचण वेगळीच होती. मघाशी स्वप्नालीनं लिहून घेतलेलं त्यांनी लगेच वरच्या साहेबांना मोबाईलवर पाठवून दिलं होतं, आणि वरचे साहेब ‘लष्करी खटका’ या नावावर इतके खूष झाले होते, की त्यांनी ते पुढं आणखी तिघांना पाठवलं होतं. ते कसं परत घ्यायचं, या काळजीत साहेबांनी चार कप चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भीमाशंकरनं हवेत सगळ्यांसमोर कबूल केलं. वजन, तूप, टिकली, सगळं. बोलताना मधे मधे राधाकिशनचं टक टक. मग नाशिकच्या त्याच माणसानं, आता सत्त्याहत्तर वर्षांचा झालेला, घसा साफ केला आणि सांगितलं, की त्याच्याही सेटचा एक डायल घड्याळाच्या काचेचा आहे. मग सोलापूरच्या एकानं सांगितलं. मग साताऱ्याच्या. तासाभरात असं निघालं, की उभ्या महाराष्ट्रात मूळचा सेट एकाकडंही नाही. भीमाशंकरनं प्रशस्तिपत्र परत पाठवलं. ते आठ दिवसांनी पुन्हा आलं, ‘जतन’ हा शब्द शाईनं खोडून वर ‘दुरुस्त’ लिहिलेलं.

स्टँडवरचं काम अवघड होतं. त्यानं तीन दिवस ढकललं. चौथ्या दिवशी सकाळी, हॉटेलात गर्दी असताना, तो उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या वडलांचं वजन राधाकिशनच्या वडलांनी घेतलं नव्हतं, मी घेतलं होतं. हॉटेलातल्या निम्म्या लोकांना कसलं वजन तेच माहीत नव्हतं. त्यांना सगळं मुळापासून सांगावं लागलं. बदकांचा विषय निघाला, त्याचाही खुलासा करावा लागला. उरलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकानं विचारलं, मग अकरा वर्षं आमची साखर मापात होती का नाही? होती, दोनशे, दोनशे आणि शंभर, असं भीमाशंकरनं छातीवर हात ठेवून सांगितलं. राधाकिशन कोपऱ्यात ऐकत बसला होता. त्यानं दोन चहा सांगितले आणि एक भीमाशंकरकडं सरकवला. झटका मशीन तरी त्यानं आठ दिवस चालूच ठेवलं, मग सकाळी सात ते आठ बंद करायला लागला. त्या तासाला तो स्वतः बांधावर डबा वाजवत फिरतो. डबा म्हशीत ऐकू येत नाही.

पुण्याला स्वप्नालीनं नव्या सेटच्या नॉबमागं पितळी चाक बसवलं. तूप चालणार नव्हतं, मुंग्या लागतात. सत्तावीस वर्षं रोज तापून थंड झालेल्या तुपासारखं वंगण शोधायला त्यांना अकरा प्रकार लावून बघावे लागले. खटक्यावर कंपनीत वाद झाला. एक पक्ष म्हणाला, चूक आहे, काढा. दुसरा म्हणाला, डोळे मिटून फिरवून बघा, फेरे खरंच मोजता येतात. शेवटी तो ठेवला, पण नको असेल त्याला बंद करता येईल अशी सोय केली. सेटच्या पडद्यावरच्या यादीत त्याचं नाव लष्करी खटका नाही, नुसतं ‘वडगाव’ आहे. वडगाव चालू, वडगाव बंद. एका परदेशी हॅमनं भीमाशंकरला हवेतच विचारलं, की हे वडगाव म्हणजे कुठला शास्त्रज्ञ? त्यानं खरं काय ते सांगितलं, पण तेवढ्यात आवाज बुडाला.

स्वप्नालीनं पहिल्या खेपेतला एक सेट काकाला पाठवला. तो म्हशीशेजारीच ठेवलाय. भीमाशंकर दोन्ही लावतो. लांबचे, बारीक सिग्नल नव्यावर ऐकतो, कारण तिथं खरंच जास्त ऐकू येतं, आणि हे तो आता कबूलही करतो.

गेल्या महिन्यात अकोल्याचा एक तरुण हॅम बायकोला घेऊन आला. त्याच्याकडं नवा सेट होता आणि हवेत नाव ऐकलेली म्हैस त्याला बघायची होती. भीमाशंकरनं ती सकाळी साडेसहालाच तापत ठेवली. पाहुण्यानं हात पुसून, मोठ्या भक्तीनं नॉब फिरवला. पुन्हा फिरवला. बायकोला फिरवायला दिला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

“काका, राग मानू नका,” तो संकोचानं म्हणाला. “चांगलाच आहे. पण नव्या सेटसारखा नाही जमला. जरा नक्कल केल्यासारखा वाटतो.”

भीमाशंकरनं त्याच्याकडं बघितलं, मग नॉबकडं. म्हणाला, बसा, जेवूनच जा. गंगासागरनं शेंगदाण्याची आमटी आणि बाजरीच्या भाकरी केल्या. पाहुणे दुपारच्या गाडीनं गेले. त्यांना सोडून तो परत आला तेव्हा ती ताटं गोळा करत होती. तिनं विचारलं, त्यांना सांगितलं का, आधी कोणता, मग कोणता.

“न्हाई,” भीमाशंकर म्हणाला. “म्हनलो, असंल.” आणि दुकानाची किल्ली घेऊन निघाला. पाटोद्याहून एक मोटार आली होती, पार जळून कोळसा झालेली, आणि तिचा मालक सकाळपासून स्टँडवर बसून होता.